मालकाला काय माहीत नाही

५ ऑक्टोबर, रविवार

मुळात मला अमेरिकेचा इतिहास शिकवायचाच नव्हता. आधीची बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत ओहायोला गेली ती परतलीच नाही. मग प्रिन्सिपल जितेश सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं, "नूतन मॅम, हिस्ट्री इज हिस्ट्री." हो का? मग भूगोलाच्या सरांना अरबी शिकवायला लावा, दोन्हीकडे वाळवंट आहे. पण बोलले नाही. मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय आणि देविकाची फी माझ्या नोकरीमुळे अर्धी आहे. अर्धी फी घेणाऱ्या बाईला तोंड नसतं.

तर ऑगस्टपासून वाचत बसलेय. व्हर्जिनिया, मेरीलँड, तंबाखूचे मळे. आणि आता पंचाईत अशी झालीय की मला ते आवडायला लागलंय.

आज अकरावीच्या वर्गात रुचिरने विचारलं, "मिस, हे आपल्याला कशाला? आपण ओमानमध्ये राहतो, आपले पासपोर्ट इंडियाचे, आणि शिकायचं काय तर बॉस्टनमधल्या चहाचं?" सगळे हसले. देविकासुद्धा हसली. स्वतःच्या मुलीला वर्गात शिकवणं ही शिक्षाच आहे. ती मला तिथे 'मिस' म्हणते आणि घरी आल्यावर वर्गात मी काय चुकले ते सांगते.

मी रुचिरला म्हटलं, बॉस्टनचा चहा विसर, त्या चहाच्या आधी शंभर वर्षं तिथे राबायला कोण आलं ते बघू. जहाजाचं भाडं परवडत नाही म्हणून दुसऱ्याच्या पैशाने आलेली माणसं. भाडं मालकाने भरलं, त्याबदल्यात इतकी वर्षं त्याच्याकडे काम करायचं. लग्न करायचं तर त्याला विचारून. मध्येच पळालं तर मुदत वाढवून. गुलाम वेगळे, त्यांना मुदतच नव्हती, ते मी स्वतंत्र शिकवणार आहे. हे आपल्याकडून करारावर मॉरिशस-फिजीला गेलेल्या गिरमिटवाल्यांसारखे. रुचिरने वही उघडली. मला बरं वाटलं.

घरी आले तर आमच्याकडे राहून काम करणाऱ्या खुदेजाने नवीन भानगड काढून ठेवलेली. तिच्या मुलीचा निकाह ठरलाय म्हणे, नोव्हेंबरच्या मध्यावर. नवरामुलगा जहाजावर असतो, तेव्हाच त्याला रजा आहे. "ताई, मना सोडा थोडे दिस." मी म्हटलं, अगं, तुझी रजा जानेवारीत ठरलीय ना? तेरा नोव्हेंबरला माझी शाळा तपासायला अमेरिकेहून कमिटी येतेय, मध्ये दिवाळी, मी एकटी काय काय बघू? निकाह जानेवारीत करा म्हणावं, मुलगी कुठे पळून जाते का? तिने चहा आणून ठेवला. चहा मात्र ही बाई असा करते की राग टिकत नाही.

ओट्यावरच्या कपाटाचं दार अजून लोंबतंय. नवऱ्याला, शिरीषला, सांगून जीभ झिजली.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजचा तास झकास झाला. लिहून ठेवते, नाहीतर पुढे संतापाच्या भरात विसरायला होतं.

त्या काळच्या वर्तमानपत्रांत मालक जाहिराती द्यायचे. माझा नोकर पळाला आहे, आणून देणाऱ्यास बक्षीस. नाव, उंची, अंगावर काय कपडे, कुठे व्रण, बोलण्याची ढब कशी. मी त्या सगळ्यांना वाटल्या आणि फळ्यावर दोन रकाने केले. डावीकडे 'मालकाला काय माहीत आहे'. उजवीकडे 'मालकाला काय माहीत नाही'.

डावा रकाना पटापट भरला. कोट कुठल्या रंगाचा, बटणं कशाची, बुटाला टाच आहे की नाही. मग मी विचारलं, हा व्रण कशामुळे झाला? लिहिलंय? नाही. आई कुठली? घरी कोण वाट बघतंय? पळून कुठे निघाला? काही नाही. तेजश्री म्हणाली, "मिस, त्याला शर्टाबद्दल माणसापेक्षा जास्त माहिती आहे." मी म्हटलं, कारण शर्ट त्याने दिलेला आहे, बाळा. तिने ते वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी शिरीषला हे सांगत होते. तो रुसैलला एका फॅक्टरीत एचआर बघतो, त्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये. "छान, छान," म्हणाला. खुदेजा चहा घेऊन आली. तिचा कप वेगळा आहे, निळ्या फुलाचा. मी नाही हं वेगळा केलेला, तो पहिल्यापासून तसाच आहे.

देविका अचानक म्हणाली, "आई, खालाचा पासपोर्ट कुठे आहे?" खुदेजाला ती खाला म्हणते, मी कधीच शिकवलं नाही. म्हटलं, बाबांच्या कपाटात, बिस्किटाच्या डब्यात, सगळ्यांचे आहेत तिथेच. का? "काही नाही. आपले तर वरच्या ड्रॉवरमध्ये असतात." मग असतील. सुरक्षित आहे ना, झालं. तिच्या खोलीला धड कुलूप नाही, हरवला तर एंबसीत खेटे कोण घालणार? मीच ना?

१२ ऑक्टोबर, रविवार

रुचिरने आज बॉम्बच आणला. इथल्या वर्तमानपत्रातलं कात्रण, काही वर्षांपूर्वीचं. पासपोर्टच्या फोटोएवढा एका माणसाचा फोटो, खाली 'वरील इसम काम सोडून पळाला आहे, त्याच्या कुठल्याही व्यवहारास कंपनी जबाबदार नाही, माहिती असल्यास कळवावे'. म्हणाला, आमच्या घरी जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात होतं. "मिस, हे सेमच आहे. फक्त फोटो आलाय."

पोरं पेटली. एकेक जण सांगायला लागला, आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, आमच्या दुकानातला अमका. मी ठरवूनच टाकलं. प्रत्येकाने एक जाहिरात लिहायची, आजची, इथली. मालकाच्या बाजूने किंवा पळणाऱ्याच्या. खाली दोन रकाने. कमिटीच्या दिवशी प्रदर्शन. शिक्षण म्हणजे हे, असं मी वर्गात म्हणाले, आणि वर टेबलावर हात आपटला त्याची आता लाज वाटतेय.

येताना कारमध्ये देविका वही उघडून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "मिस, मी विचार करते आहे." घरी निघाल्यावर तरी मिस म्हणू नकोस म्हटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अंगाचा तिळपापड झालाय.

ते कात्रण म्हणजे रुचिरच्या बापाच्याच कंपनीची जाहिरात होती. प्रताप त्याचं नाव, बांधकामांना कामगार पुरवतो. पोराला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं, कंपनीचं नाव पूर्वी वेगळं होतं. घरी जाऊन त्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं असणार आणि बापाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आज सकाळी जितेश सरांच्या टेबलावर तक्रार. 'शिक्षिका विद्यार्थ्यांना पालकांविरुद्ध भडकवते.'

जितेश सर म्हणतात, "मॅम, असाइनमेंट विथड्रॉ कर लो. बॉस्टन टी पार्टी करा ना, बच्चे लोग ड्रेस पहनेंगे, फोटो अच्छा आएगा." फोटो! ह्यांना इतिहास म्हणजे फॅन्सी ड्रेस. मी म्हटलं, सर, नाही घेणार मागे. मी कोणाचं नाव घेतलं नाही, मुलांनी विचार केला एवढंच झालं. विचार करणं तुमच्या प्रॉस्पेक्टसमध्ये पहिल्या पानावर आहे.

मग आवाज बदलला. "मार्च में कॉन्ट्रॅक्ट है ना आपका?" अस्सं. म्हणजे माझ्या गळ्यातली दोरी ह्यांच्या हातात आहे ह्याची आठवण करून देतात. तेवीस तारखेला प्रतापशी मीटिंग ठरवलीय. यावं त्याने. मी पण वाचून जाणार आहे.

घरी आल्यावर खुदेजावर उगाच ओरडले. भाजीत मीठ जास्त होतं. जास्त नव्हतं खरं तर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फराळ. भाजणी खुदेजाने भाजली, चकल्या खुदेजाने पाडल्या, मी करंज्यांची कड कातली आणि उठता बसता शाळेला शिव्या घातल्या. देवापुढचं तेवढं मी करते, ते मी कोणाला करू देत नाही.

दुपारी तिचा मावसभाऊ आला, बाबामियाँ. बरका गावी मासळीबाजारात पिकअप चालवतो. बर्फात घातलेली सुरमई घेऊन आला, सोफ्याच्या अगदी कडेवर बसला, टोपी मांडीवर. "भाभी, पोरीचा एकच बाप, तो बी नाय. आई तरी असावी निकाला. तिकीट आमी काढतो. ती चार आठवड्यांत परत येल, माजी जबाबदारी."

शिरीषने त्याचा ऑफिसातला आवाज लावला. बघा बाबामियाँ, प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते, करार दोन वर्षांचा आहे, दोन वर्षं जानेवारीत होतात, मधेच सोडलं तर उद्या सगळेच मागतील. सगळेच कोण? आमच्याकडे एकच बाई आहे. पण मी नवऱ्याला परक्यासमोर पाडत नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. घरातली गोष्ट बाहेरचा माणूस आणून माझ्यावर दबाव आणायचा? मी काय तिला बांधून ठेवलंय? मोबाईल दिलाय, शुक्रवारी दुपारी सुट्टी देते, माझे धड चांगले ड्रेस देते. तो बाटलीहिरवा ड्रेस मी तीनदासुद्धा घातला नव्हता. म्हटलं, बाबामियाँ, आमच्या घरी ती घरच्यासारखी आहे. तो म्हणाला, "व्हय भाभी. तवाच तर घरच्याला विचारतोय."

सुरमई चांगली निघाली. देविका जेवली नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

जिंकले.

प्रताप आला सोन्याचं घड्याळ घालून. म्हणाला, मॅडम, मी या माणसांना तिकीट देतो, व्हिसा देतो, राहायला जागा देतो, आणि तुम्ही माझ्या मुलाला सांगता मी गुलामांचा व्यापारी आहे? मी म्हटलं, मी असं एक अक्षर बोललेले नाही. व्हर्जिनियातला मालकही हेच म्हणायचा, एवढंच मी शिकवलं. भाडं मी भरलं, अंगावरचा शर्ट माझा, ह्याच्या भल्यासाठीच करतो. आणि त्याला ते मनापासून खरं वाटायचं, म्हणूनच तर ते शिकवावं लागतं. वाईट माणसांचा इतिहास सोपा असतो, प्रतापभाई. चांगल्या माणसांचा अवघड.

काय बोलले मी. जितेश सर पेन फिरवायचे थांबले.

शेवटी तोड निघाली. असाइनमेंट राहील. प्रदर्शन राहील. फक्त कंपन्यांची नावं नकोत. मी आणखी एक कबूल करून घेतलं: कुठल्याही मुलाचा कागद मोठ्यांना झोंबला म्हणून काढला जाणार नाही. जितेश सरांना हे तीनदा बोलायला लावलं. प्रताप जाताना म्हणाला, "तुमच्या घरी कोणी कामाला नाही वाटतं." मी म्हटलं, आहे ना, आणि आमच्याकडे ती कशी राहते ते येऊन बघा कधीही.

घरी येऊन सगळं नाट्य करून दाखवलं. शिरीषने टाळ्या वाजवल्या. खुदेजा दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला म्हटलं, काय गं, कळलं का काही? "व्हय ताई. तुमी त्या मानसांसाठी भांडल्या." बघा, अडाणी बाईला कळतं, प्रिन्सिपलला कळत नाही.

तिने पुन्हा निकाहचं काढलं. आज नको गं, म्हटलं, आज मला आनंदात राहू दे.

२ नोव्हेंबर, रविवार

संतापात लिहितेय, अक्षर बघू नये.

कागद तपासत होते, एकेक इतका चांगला की काय सांगू. रुचिरने पळालेल्या माणसाच्या बाजूने लिहिलंय, शेवटी बापाला माफही करून टाकलंय. मग देविकाचा कागद आला. इंग्रजीत आहे, मी इथे मराठीत उतरवते. का उतरवते माहीत नाही. पुन्हा वाचला की पुन्हा संताप येतो, कदाचित म्हणूनच.

'अल खुवैरमधल्या एका घरातून अजून पळून न गेलेली स्त्री. नाव खुदेजा. बांधा लहान. अंगावर बाटलीहिरवा ड्रेस, मालकिणीने दिलेला, खांद्यात सैल. डाव्या भुवईवर व्रण. कोकणातली मराठी बोलते, मालकीण पाहुण्यांपुढे तिची नक्कल करते. चहा उत्तम करते, वेगळ्या कपातून पिते. पासपोर्ट बिस्किटाच्या डब्यात. तिच्या मुलीचा निकाह चौदा नोव्हेंबरला आहे आणि मालकिणीचं प्रदर्शन तेरा नोव्हेंबरला. ती पळून गेल्यास कोणीही आणून देऊ नये. विशेष सूचना: मालकीण स्वातंत्र्याचा धडा फार छान शिकवते.'

खाली दोन रकाने. डावा भरलेला. उजवा कोरा. कोरा! म्हणजे मला काही माहीत नाही असं म्हणायचंय का तिला, की काय आहे ते?

तिला बोलावलं. मालकीण? मी? मी तुला तिच्या हातचं जेवू घालते, तुझं खाला म्हणणं चालवून घेते, आणि मला प्रतापच्या रांगेत बसवतेस? ती शांतपणे म्हणाली, "तू म्हणालीस चांगल्या माणसांचा इतिहास अवघड असतो." म्हटलं, मला माझीच वाक्यं ऐकवू नकोस. "मग ते प्रदर्शनात लावणार ना? तू प्रॉमिस घेतलं होतंस, कोणाचा कागद काढायचा नाही." ते शाळेसाठी होतं, म्हटलं, घरच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायला नव्हतं. "मिस," ती म्हणाली. घरात. स्वयंपाकघरात उभी राहून. मी तिला खोलीत पाठवलं.

नक्कल मी प्रेमाने करते. सगळे हसतात, खुदेजाही हसते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चौथा दिवस, मुलगी माझ्याशी बोलत नाही. शाळेत बोलते, कारण तिथे बोलावं लागतं. तिचा कागद शिरीषच्या कपाटात टाकलाय, बिस्किटाच्या डब्याखाली. इतरांचे सगळे लॅमिनेट करून आले.

तेजश्रीने विचारलं, "मिस, देविकाचा नाही?" म्हटलं, तिने वेळेत दिला नाही. बाकावर बसून ती माझ्याकडे बघत होती. बघू दे.

शिरीषला हे सांगितलं तर म्हणतो, किशोरवय आहे, जाईल. सगळं आपोआप जातं ह्याच्या मते. कपाटाचं दार अजून लोंबतंच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

खुदेजा गेली.

शाळेतून आलो तर घर झाडलेलं, भांडी पालथी, कुकरमध्ये वरणभात. घराची किल्ली मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर. हिरवा ड्रेस धुऊन घडी करून खुर्चीवर. कपाट बघितलं, डब्यात पासपोर्ट नाही. डब्याखालचा कागदही नाही. कपाटाची किल्ली कुठे असते ते घरात चौघांनाच ठाऊक आहे. एक मी, एक शिरीष, एक जी गेली, आणि एक समोर उभी होती, शाळेचा युनिफॉर्म न काढता.

"मी दिला," देविका म्हणाली. "सकाळी. तिचा आहे तो."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शिरीष ऑफिसातून धावत आला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, तिच्या व्हिसाचा स्पॉन्सर तो आहे, बाई गेली आणि नोंद केली नाही तर उद्या काही झालं की तोच अडकणार. सरकारी साइटवर ती पळाल्याची नोंद करायची. नोंद झाली की विमानतळावर अडवतात. बाबामियाँने संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढलं असणार, त्याला फोन लावला तर उचलत नव्हता. मी म्हटलं, कर. कर नोंद. एवढं केलं हिच्यासाठी आणि ही अशी चोरासारखी जाते? कर.

शिरीष कंप्युटरवर बसला, मी मागे उभी. तो विचारत गेला, मी सांगत गेले. नाव? उंची? माझ्या खांद्याला लागते. कपडे? आज काय घातलं होतं कोण जाणे, हिरवा तर इथेच आहे. मग काय घालून गेली? तिच्याकडे दुसरं काय आहे ते मला आठवेना. ओळखीची खूण? डाव्या भुवईवर व्रण. कशाचा? तिथे तसा प्रश्न नव्हता, शिरीषने विचारलाच नव्हता. मीच विचारला. माझ्याच तोंडून निघाला, वर्गातल्यासारखा.

देविका दारातून म्हणाली, "ओट्याच्या कपाटाचं दार. पडलं तिच्यावर. रमजानमध्ये. तू शाळेत होतीस, तुझी पेरेंट-मीटिंग होती. मी बर्फ लावला. खाला म्हणाली, ताईंना नको सांगू, त्या दमून येतात."

मला सांगितलं असतंस तर मी डॉक्टरकडे नेलं नसतं का? नेलं असतं. गाडीत घालून नेलं असतं. हे मी ओरडून सांगितलं. कोणी नाही म्हणत नव्हतं.

शिरीष म्हणाला, "गावाचा पत्ता हवाय." रत्नागिरीकडे कुठंतरी. "कुठंतरी चालत नाही." देविकाला ठाऊक होता, तोंडावर दिसत होतं, पण तिने ओठ मिटून घेतले. मी तिला विचारलं नाही.

मग मी म्हटलं, ऊठ, तुला टाइप करता येत नाही, मी करते. तो चहा करायला गेला. स्वतः. चहा होईस्तोवर मी त्या पडद्यासमोर बसले होते. तो आल्यावर सांगितलं, साइट लटकलीय. उद्या बघू.

साइटचं काय, ती लटकतेच नेहमी.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाबामियाँचा शिरीषला मेसेज. 'साहेब, पोचली. माफी असावी.' बस. मला नाही, शिरीषला. माझं नावसुद्धा नाही त्यात.

साइट आज चालू होती म्हणे. शिरीष म्हणाला, आता नोंद करून काय उपयोग, उलट व्हिसा रद्द करून टाकू, नाहीतर तिची रजा दाखवू. मी म्हटलं, तुला काय करायचं ते कर. सकाळपासून भांडी मीच घासतेय. निळ्या फुलाचा कप घासून कुठे ठेवायचा कळेना, सगळ्या कपांत ठेवला.

वरणभाताचा कुकर काल कोणीच उघडला नव्हता. टाकून द्यावा लागला. त्याचंही खापर माझ्यावर फोडा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कमिटी आली. तीन माणसं, त्यात एक बाई व्हर्जिनियाचीच. हॉलमध्ये बोर्ड लावलेले, पोरं इस्त्री करून उभी. मी सकाळपासून चिडलेलीच होते, भाकरी करपली होती आणि देविका डबा न घेता निघाली होती.

तिसऱ्या बोर्डाशी गेले तर मधोमध देविकाचा कागद. लॅमिनेट न केलेला, बिस्किटाच्या डब्याचा गोल डाग पडलेला. तिने सकाळीच येऊन लावला होता. मी काढायला हात घातला, तेवढ्यात जितेश सर कमिटीला घेऊन आलेच.

त्या बाईने तो वाचला. हळूहळू, दोनदा. म्हणाली, हे फार अंगावर येणारं आहे. जितेश सर घाबरले, घाईघाईने म्हणाले, "फिक्शन, मॅम, प्युअर फिक्शन. आमची मुलं खूप इमॅजिनेटिव्ह आहेत. यहाँ ऐसा कुछ होता नहीं है."

काल्पनिक म्हणे. माझ्या मुलीने रक्त आटवून लिहिलेलं, आणि हा माणूस ते एका वाक्यात पुसून टाकतो. तीच त्याची सवय, फॅन्सी ड्रेस करून टाकायचं सगळ्याचं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, सर, यातलं एक अक्षर काल्पनिक नाही. पासपोर्ट डब्यातच होता. ड्रेस हिरवाच होता. हा बघा डाग, हा त्याच डब्याचा आहे.

ती बाई म्हणाली, "मग हे घर कोणाचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रतापही आला होता, पालक म्हणून, मागे उभा. रुचिर त्याच्या शेजारी. आणि बोर्डाच्या पलीकडे देविका, तिचा चेहरा पांढराफटक. ती काही बोलणार नव्हती. तिने मला वाचवायचं ठरवलं होतं, ते मला एकदम दिसलं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

म्हटलं, "माझं. अल खुवैरला, तिसरा मजला. मालकीण मी."

नंतर काय झालं ते धड आठवत नाही. जितेश सर हसले, जणू मी नाटकातलं वाक्य म्हटलं. त्या बाईने काहीतरी लिहून घेतलं. प्रताप जिन्याकडे निघून गेला. मार्चचं आता जे व्हायचं ते होईल, नोकरी जाऊन घरी बसावं लागेल, किंवा नाही बसावं लागणार. त्याचं आज मला काही वाटत नाहीये, उद्या वाटेल.

हॉल रिकामा झाल्यावर मी मार्करचं टोपण काढलं आणि देविकाच्या कागदाचा उजवा रकाना भरायला घेतला. व्रण कशामुळे. गाव कोणतं. गेली तेव्हा अंगावर काय होतं. नवरा कधी वारला. वेगळा कप पहिल्या दिवशी कोणी दिला. खुदेजाच्या मुलीचं नाव लिहायला गेले आणि हात थांबला.

"अदीबा," देविका मागून म्हणाली.

तेवढं डाव्या रकान्यात लिहू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नको, तुला आत्ता कळलं ना, उजवीकडेच लिही. मग लिहिलं. रकाना लहान होता, जागा पुरेना. तिने दप्तरातून कोरा कागद काढला आणि खाली चिकटवून दिला. उद्या निकाह आहे.